मायटॉसिस आणि मायोसिस: पडद्यावर नेमकं काय वेगळं होताना दाखवायचं?

मायटॉसिस, म्हणजे सूत्री विभाजन, अकरावीच्या मुलांना येतं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावं दहावीपासून पाठ असतात. गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात, तुर्कतंतू त्यांना दोन टोकांकडे ओढतात, तेव्हा ती केळीच्या घडासारखी दिसतात, हेही सगळे सांगतात. कांद्याच्या मुळाची स्लाइड बहुतेकांनी पाहिलेली असते. त्यामुळे मायटॉसिसवर मी इथे फार थांबत नाही.

मायोसिस, म्हणजे मायोसिस-१ आणि मायोसिस-२ अशा दोन फेऱ्यांचं अर्धसूत्री विभाजन, आलं की दरवर्षी तोच तक्ता फळ्यावर येतो. एकदा विभाजन, दोनदा विभाजन. दोन पेशी, चार पेशी. शरीरपेशींत, जननपेशींत. हे फरक खरे आहेत, एका ओळीत सांगून संपणारे आहेत आणि त्यांवर कुणी अडखळत नाही. अशा दहा ओळींच्या तक्त्यात खरा फरक सातव्या-आठव्या ओळीत पुरून टाकला जातो. मुलं तक्ता पाठ करतात आणि पेपरात लिहितात, 'मायोसिस-१ मध्ये गुणसूत्रं निम्मी होतात, मायोसिस-२ मध्ये पुन्हा निम्मी होतात.' मग माणसाच्या ४६ वरून २३ आणि २३ वरून साडेअकरा? काही मुलं उलट लिहितात, की निम्मी होण्याचं काम मायोसिस-२ मध्येच होतं, कारण जोडलेल्या दोन प्रतींचा एक्स आकार तिथेच फुटतो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. पश्चावस्थेत कोण कोणापासून वेगळं होतं, हा प्रश्नच मुलांना कुणी विचारलेला नसतो.

एकाच धड्याच्या दोन मुलींनी आपापल्या काढलेल्या नोट्स घ्या. धडा तोच, पण शब्द थोडे वेगळे. आईकडून आणि वडिलांकडून आलेली समजात गुणसूत्रं म्हणजे ही होमोलॉगस जोडी. आता प्रत्येकीनं आपापल्या नोट्सची झेरॉक्स काढून मूळ कागदाला टाचली. ही टाचलेली जोडी म्हणजे सिस्टर क्रोमॅटिड्स. मायटॉसिसमध्ये झेरॉक्स मूळ प्रतीपासून सुटते. मायोसिस-१ मध्ये टाचणी तशीच राहते आणि दोन मुलींच्या नोट्स एकमेकींपासून दूर जातात. टाचणी निघते ती मायोसिस-२ मध्ये.

टाचणी म्हणजे कोहेसिन नावाचं प्रथिन, आणि विज्ञान शाखेच्या मुलांना हे नाव सांगायला काहीच हरकत नाही. क्रोमॅटिड्सना ते कड्यासारखं धरून ठेवतं. मायटॉसिसच्या पश्चावस्थेत सेपरेज हे विकर उरलेलं कोहेसिन तोडतं आणि क्रोमॅटिड्स सुटतात. मायोसिस-१ मध्ये मात्र गुणसूत्राच्या भुजांवरचंच कोहेसिन तुटतं. सेंट्रोमिअरजवळच्या, म्हणजे दोन क्रोमॅटिड्स जिथे जोडलेल्या असतात त्या जागेजवळच्या, कोहेसिनला शुगोशिन हे दुसरं प्रथिन जपतं, म्हणून सिस्टर्स एकत्रच एका टोकाकडे जातात. होमोलॉगस जोडीला तोवर काय धरून ठेवतं? क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल) झालेल्या जागा, म्हणजे कायाझ्मा, आणि त्यांच्या पलीकडचं भुजांवरचं कोहेसिन. एवढं कळलं की क्रॉसिंग ओव्हर हा केवळ विविधता आणणारा टप्पा राहत नाही. जोडी नीट रांगेत उभी राहावी म्हणूनही त्याची गरज असते, हे मुलांना आपोआप दिसतं.

आता आकडे. माणसाच्या पेशीत एस अवस्थेआधी, म्हणजे डीएनएची प्रत निघण्याआधी, ४६ गुणसूत्रं आणि २सी इतका डीएनए असतो (सी म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातला डीएनए). एस अवस्थेनंतर डीएनए ४सी होतो, गुणसूत्रं मात्र ४६च राहतात, कारण सेंट्रोमिअरपाशी जोडलेल्या दोन क्रोमॅटिड्स मिळून एकच गुणसूत्र मोजलं जातं. मायटॉसिसनंतर प्रत्येक पेशीत ४६ आणि २सी. मायोसिस-१ नंतर प्रत्येक पेशीत २३ आणि तोच २सी. हे वाक्य वर्गात दोनदा वाचायला सांगावं. डीएनए मायटॉसिसइतकाच, गुणसूत्रं निम्मी! मध्ये दुसरी एस अवस्था होत नाही, म्हणून मायोसिस-२ नंतर २३ आणि १सी. डीएनए दोनदा निम्मा होतो, गुणसूत्रांची संख्या एकदाच, आणि तीही पहिल्या फेरीत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत विचारले जाणारे डीएनए आणि गुणसूत्रसंख्येचे प्रश्न याच दोन रेघांवर उभे असतात. मोजायचा नियम सोपा आहे: सेंट्रोमिअर मोजा. एक्स आकार मोजू नका, काड्या मोजू नका. या नियमानं मायटॉसिसच्या पश्चावस्थेत पेशीत क्षणभर ९२ गुणसूत्रं का म्हणतात, तेही सुटतं.

माझी तक्रार बाजारातल्या ॲनिमेशनांबद्दल आहे. बहुतेक ॲनिमेशनं एक्स आकारापासूनच सुरू होतात. एस अवस्था दाखवलेलीच नसते, त्यामुळे मुलांना गुणसूत्र म्हणजे एक्सच वाटतं आणि सुटी झालेली काडी म्हणजे अर्धं गुणसूत्र वाटतं. दुसरी खोड त्याहून वाईट: एकाच गुणसूत्राच्या दोन क्रोमॅटिड्सना लाल आणि निळा असे दोन रंग देणं. एस अवस्थेनंतर त्या एकमेकींच्या प्रती असतात, म्हणून त्यांचा रंग एकच हवा. आईचं गुणसूत्र पूर्ण लाल, वडिलांचं पूर्ण निळं. लाल काडीवर निळं टोक दिसायला हवं ते फक्त क्रॉसिंग ओव्हरनंतर. आधीच रंग मिसळले तर क्रॉसिंग ओव्हर दाखवायला जागाच उरत नाही, आणि मायोसिस-२ हुबेहूब मायटॉसिससारखं नसतं हेही कळत नाही. तिथे सुटणाऱ्या सिस्टर्स तोवर एकसारख्या राहिलेल्या नसतात.

आणि आपोआप पळणारे व्हिडिओ मला वर्गात नकोच. पश्चावस्था दोन-तीन सेकंदांत निघून जाते, पार्श्वसंगीत वाजत राहतं, मुलं माना डोलावतात. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर मध्यावस्थेवर थांबवा आणि विचारा, 'पुढच्या क्षणी काय सुटेल?' प्रत्येकानं वहीत लिहिल्यावरच पुढे चालवा.

खऱ्या पेशींच्या छायाचित्रांचं मात्र मोल मोठं आहे. वाल्थर फ्लेमिंगनं सॅलॅमँडरच्या पेशींतल्या विभाजनाचं चित्रांसह वर्णन १८८२ साली प्रसिद्ध केलं. क्रम लावण्याचा तो अभ्यास आज मुलांना मोबाइलवर करता येतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या ऑनलाइन सरावात कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या ३६ पेशी एकेक करून योग्य अवस्थेत टाकायच्या असतात, आणि कुठल्या अवस्थेत किती पेशी सापडल्या त्यावरून त्या अवस्थेला किती वेळ लागतो हे काढायचं असतं. मायटॉसिससाठी हा सराव मला फार आवडतो. मायोसिसचा गोंधळ त्यानं सुटणार नाही. मुळाच्या टोकात मायोसिस होतच नाही, आणि कांद्याच्या १६ गुणसूत्रांच्या गर्दीत होमोलॉगस जोडी डोळ्यांना ओळखू येत नाही.

त्या गोंधळासाठी माझी निवड ठरलेली आहे: रिकाम्या स्लाइड्स. गूगल स्लाइड्स चालेल, पॉवरपॉइंट चालेल, गावात नेट नसेल तर मोबाइलवर काढलेल्या फोटोंची मालिकाही चालेल. गुणसूत्रं चार घ्यायची, दोन लांब आणि दोन आखूड, प्रत्येक लांबीत एक लाल आणि एक निळं. दोनच घेतली तर स्वतंत्र जुळणी दाखवता येत नाही. चार घेतल्यावर मध्यावस्था-१ मध्ये लांब लाल आणि आखूड लाल एकाच बाजूला ठेवायचं की समोरासमोर, हा निर्णय विद्यार्थ्याला स्वतः घ्यावा लागतो. माणसाच्या २३ जोड्यांना हाच हिशेब लावला की ८३,८८,६०८ जुळण्या निघतात, तेही क्रॉसिंग ओव्हर न धरता. प्रत्येक क्रोमॅटिड वेगळी पट्टी, सेंट्रोमिअर म्हणजे काळा ठिपका. एक स्लाइड म्हणजे एक क्षण. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ठिपके किती आणि पट्ट्या किती हे लिहायचं. ठिपके म्हणजे गुणसूत्रांची संख्या, पट्ट्या म्हणजे डीएनएचं प्रमाण. मायटॉसिसची फाइल आणि मायोसिसची फाइल पडद्यावर शेजारी उघडायची, दोन्ही मध्यावस्थेवर थांबवायच्या. डावीकडे चार ठिपके एका रांगेत एकामागे एक. उजवीकडे तेच चार ठिपके, पण समोरासमोर जोड्यांनी. पट्ट्या दोन्हीकडे आठच. फरक या एका जागी दिसतो, आणि तो मुलांच्या स्वतःच्या बोटांनी ओढून आलेला असतो.

यानंतर मी त्यांना चूक करायला लावते. मायोसिस-१ मध्ये लांब जोडी सुटलीच नाही, दोन्ही एकाच टोकाकडे गेली, असं दाखवा आणि शेवटपर्यंत न्या. चार युग्मकांपैकी, म्हणजे तयार झालेल्या जननपेशींपैकी, दोघांत एक गुणसूत्र जास्त, दोघांत एक कमी. धड एकही नाही. आता मायोसिस-१ नीट होऊ द्या आणि मायोसिस-२ मध्ये एकाच पेशीतल्या सिस्टर्स अडकवा. दोन युग्मकं ठीक, एकात एक जास्त, एकात एक कमी. डाउन सिंड्रोममध्ये जादा आलेलं २१वं गुणसूत्र बहुतेक वेळा आईच्या मायोसिस-१ मधल्या अशा चुकीतून येतं. स्त्रीबीजाच्या पेशी ती स्त्री जन्मण्याआधीच मायोसिस-१ च्या पूर्वावस्थेत थांबतात आणि बीजमोचनापर्यंत वर्षानुवर्षं तशाच राहतात. आईचं वय वाढतं तसा हा धोका का वाढतो, असं मग वर्गातूनच कुणीतरी विचारतं, आणि उत्तरासाठी मी त्यांना कोहेसिनच्या स्लाइडकडे परत पाठवते. इतकी वर्षं धरून ठेवलेली कडी हळूहळू सैल होत जातात.