कंबर ‘कट्ट’ करून घेण्याआधी

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

हल्ली जवळपास रोज कुणीतरी मोबाईल पुढे करतं. टेबलावर झोपलेल्या माणसाची कंबर कुणीतरी एका झटक्यात फिरवतं, ‘कट्ट’ असा मोठा आवाज येतो आणि तो माणूस हसत उठून चालू लागतो. मग आम्हाला विचारणा होते, “आमचंही असं करून द्या ना,” नाहीतर “मुंबईला एक कायरोप्रॅक्टर (मणक्यांना हाताने झटका देऊन उपचार करणारे) आहेत म्हणे, जाऊ का?” तपासणीच्या घाईत याचं नीट उत्तर देता येत नाही आणि अर्धवट सांगणं आम्हाला पटत नाही. म्हणून हा कागद घरी न्या आणि निवांत वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही फिजिओथेरपिस्ट आहोत, कायरोप्रॅक्टर नाही. तुम्ही दुसरीकडे गेलात तर आमचं उत्पन्न कमी होतं. हे ध्यानात ठेवूनच आमचं म्हणणं तपासा.

हे नक्की असतं काय?

झटका देऊन पाठ मोकळी करण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, न्हाव्याकडून मान मोडून घ्यायची, हाडवैद्याकडे जायचं, हे आपल्या घराघरांत चालत आलेलं आहे. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी १८९५ साली डी. डी. पामर यांनी केली. मणके जागेवरून हलल्यामुळेच बहुतेक सगळे आजार होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आज परदेशातले बरेच कायरोप्रॅक्टर हा दावा सोडून पाठ, मान आणि सांधे एवढ्यापुरतंच काम करतात. पण मणका सरळ केला की शुगर जाते, दमा जातो, मूल राहतं असं कुणी सांगितलं, तर तिथून उठून या.

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात आणि त्यांच्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला गेला की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तोच ‘कट्ट’. बोटं मोडताना येतो तोच आवाज. झटक्यानंतर आखडलेले स्नायू सैल पडतात, वेदना थोडी शमते आणि हलकं वाटतं. हे हलकं वाटणं खरं असतं, मनाचा खेळ नव्हे. मात्र ते कधी काही तासच टिकतं, कधी काही दिवस. आवाज मोठा आला म्हणून गुण जास्त येतो असंही नाही, आवाज न येताही गुण येऊ शकतो.

मग उपयोग होतो का?

होतो, पण बेताचा. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ साली कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत मणक्यांच्या या हाताळणीचाही (म्हणजे हाताने दाब किंवा झटका देण्याचाही) समावेश केला. तिथेच शेक आणि मसाजही आहेत. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ साली सांगितलं की हाताने केलेले उपचार द्यायचेच असतील तर व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, नुसते नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी माहिती, व्यायाम, मसाज आणि मणक्यांची हाताळणी यांची शिफारस केली, तर कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) नेहमीचे उपाय म्हणून वापरू नयेत असं म्हटलं. पट्टा आणि ट्रॅक्शन आपल्याकडे अजून सर्रास दिलं जातं, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दहा-पंधरा दिवसांची साधी उसण असेल, वजन उचलताना चमक भरली असेल, दुखणं कमरेत आणि फार तर कुल्ल्यापर्यंत असेल आणि बाकी तब्येत चांगली असेल, तर चांगल्या हाताची हाताळणी दुखणं थोडं लवकर उतरवू शकते. पण अशी कंबर काहीच न करता, फक्त हिंडतं-फिरतं राहिल्यानेही बहुतेकांची काही आठवड्यांत सुधारते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रवास करून कुणाकडेही धावू नका, आमच्याकडेसुद्धा. शेक द्या, अंथरुणाला खिळू नका, झेपेल तितकं चाला.

‘मणक्यात गॅप’ या शब्दाबद्दल

आमच्याकडे सर्वांत जास्त भीती या शब्दाची दिसते. एक्स-रेवर दोन मणक्यांमधली गादी वयानुसार थोडी झिजलेली दिसते, त्यालाच कुणीतरी ‘गॅप’ म्हणतं आणि घरातलं माणूस वाकणंच सोडतं. पण ज्यांची कंबर दुखत नव्हती अशा लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचा अभ्यास झालेला आहे. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. डोक्यावर पिकलेले केस दिसावेत, तसंच हे. त्यामुळे ‘तुमचा गॅप भरून देतो’ किंवा ‘सरकलेली गादी एका झटक्यात आत ढकलतो’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. गादी हाताने ढकलली जात नाही. बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच बऱ्याचदा हळूहळू शोषून घेतं, त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

झटका कुणी घेऊच नये

हे जरा सावकाश वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

लघवी अडली किंवा न कळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला किंवा दोन्ही पायांतली ताकद उतरत चालली, तर ना कायरोप्रॅक्टर, ना आम्ही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. नस कायमची जाऊ शकते आणि तासांना किंमत असते.

ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. आपल्या देशात मणक्याचा टीबी अजूनही होतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. पडल्या-आपटल्यावर दुखत असेल, हाडं ठिसूळ असतील, बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, तर झटका नकोच. एका आजींची पाठ ‘मोकळी’ करायला कुणीतरी जोरात दाबली होती. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा एक्स-रेत मणका दबलेला होता. त्यांची हाडं ठिसूळ आहेत का, हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. पाठीवर हात ठेवण्याआधी पाच प्रश्न विचारले असते तरी त्यांचा मणका वाचला असता, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

आणि मान. कंबर दुखते म्हणून गेलात आणि ‘मानही मोडून देतो’ म्हणाले, तर स्पष्ट नाही म्हणा. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. हे फार क्वचित घडतं, पण कमरेच्या दुखण्यासाठी ही जोखीम घ्यायचं कारणच नाही.

जायचंच ठरवलंत तर

परदेशात कायरोप्रॅक्टर होण्यासाठी अनेक वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते किमान ४,२०० तासांचं असायला हवं. भारतात मात्र कायरोप्रॅक्टिकची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं, आणि शनिवार-रविवारच्या कोर्सवर लावलेल्याही असतात. म्हणून “कुठे शिकलात, किती वर्षं?” हे विचारायला संकोचू नका. समोरची व्यक्ती फिजिओथेरपिस्ट असेल तर राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. आमच्याकडेही मागा, तो भिंतीवर लावलेला आहे.

चांगला माणूस आधी ऐकतो, पायांची ताकद आणि संवेदना तपासतो, काय करणार ते सांगतो, तुमचा होकार घेतो आणि घरी करायचा व्यायाम शिकवतो. पहिल्याच भेटीत वीस-तीस सत्रांचं पॅकेज भरायला लावणं हे चांगलं लक्षण नाही. चार-सहा भेटींत काहीच फरक पडला नाही, तर सातवी भेट फरक पाडेल असं गृहीत धरू नका. झटक्यानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं नेहमीचं आहे. दुखणं पायात खाली उतरत गेलं किंवा बधिरपणा वाढला, तर लगेच थांबा.

आम्हीही काही जणांना हाताने मणक्यांची हाताळणी देतो, पण सगळ्यांना नाही. पहिल्या भेटीत ती सहसा देतच नाही. जुने रिपोर्ट असतील तर सोबत आणा. नसतील तर आमच्याकडे यायचं म्हणून मुद्दाम एमआरआय काढू नका, तपासल्यावर लागला तर आम्हीच सांगू. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मात्र पिशवीत घालून घेऊन या.