पाटीवर किराणा, यादीत खत-बियाणे

२ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत पुन्हा जागा दिली. पदरात पडलं ते एवढंच, की प्राधान्य क्षेत्रातलं, म्हणजे बँकांनी ठरावीक प्रमाणात द्यायलाच हवं असं कर्ज त्यांना खुलं झालं. त्यासाठी उद्यम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची आणि तिथे एनआयसी कोड, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारे आकडे द्यायचे. इथे बरेच दुकानदार फॉर्म भरून देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, आणि तो दुकानाची पाटी आठवून आकडे टाकून मोकळा होतो.

पाटीवरून धंद्याचा प्रकार ठरत नाही. ज्या मालाची उलाढाल सर्वांत मोठी त्यावरूनही ठरत नाही, आणि हा दुसरा समज तर शिकल्यासवरल्या हिशेबनीसांमध्येही पक्का बसलेला असतो.

एनआयसी म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण. त्याची २००८ ची यादी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेली आहे. सगळा व्यापार तिथे 'जी' या विभागात येतो: ४५ मध्ये मोटारी आणि दुचाकी, ४६ मध्ये घाऊक, ४७ मध्ये किरकोळ. पुढचा प्रत्येक आकडा एक पायरी खाली नेतो. ४७१ म्हणजे सबकुछ मिळणारी दुकानं, ४७२ म्हणजे फक्त खाद्यपदार्थ, पेयं आणि तंबाखूची, ४७३ पेट्रोलपंप, ४७७ मध्ये कपडे, औषधं, दागिने, खतं. ४७८ रस्त्यावरच्या आणि बाजारातल्या टपऱ्यांचा, ४७९ दुकानाविना होणाऱ्या विक्रीचा. गल्लीतला नेहमीचा किराणा ४७११ मध्ये बसतो. या आकड्यांची बेरीज १३ येते. दुकानाच्या नावात एक जादा अक्षर घुसडून गल्ला वाढवून देणाऱ्या अंकज्योतिष्यांच्या नजरेतून हे कसं निसटलं कोण जाणे. किराणा दुकानं मात्र व्यवस्थित चालू आहेत.

किरकोळ विक्री म्हणजे आणलेला माल, त्याचं रूप न बदलता, मुख्यतः घरगुती वापरासाठी लोकांना विकणं. पोतं फोडून पाव किलोच्या पुड्या बांधल्या तरी चालतं. पण बेकरीवाल्याने स्वतः भाजलेला पाव विकला की तो उत्पादक झाला. माप घेऊन कपडे शिवणारा शिंपीही उत्पादक. हॉटेलं वेगळ्या विभागात जातात. अमेरिकेच्या जुन्या यादीत मात्र खाणावळी किरकोळ व्यापारातच होत्या, १९९७ च्या नव्या वर्गीकरणाने त्या बाहेर काढल्या.

आता खरी गंमत. एकाच छपराखाली चार धंदे असतील तर कोड कोणता? कसोटी आहे मूल्यवर्धनाची. बाहेरून घेतलेल्या मालाचा आणि सेवांचा खर्च वजा केल्यावर धंद्याने स्वतः जी भर घातली, ते मूल्यवर्धन. त्यातूनच पुढे पगार आणि नफा निघतो. व्यापारात ते साधारणपणे खरेदी-विक्रीतल्या फरकाजवळ असतं. समजा, एका दुकानात महिन्याला ५ लाखांचे मोबाइल विकले जातात आणि त्यात २५ हजार सुटतात. कोपऱ्यातल्या झेरॉक्स यंत्रावर ६० हजार जमतात. कागद, शाई, वीज, दुरुस्तीचे २५ हजार गेले की ३५ हजार उरतात. उलाढाल मोबाइलची आठपट, तरी हे दुकान मोबाइलचं नाही. ते किरकोळ व्यापारातच नाही, कार्यालयीन सेवांमध्ये गेलं!

दोन धंदे असले की हिशेब इतका सरळ. तीन-चार झाले की ज्या पद्धतीवर माझा जीव आहे ती कामाला लागते: वरून खाली. आधी विभाग ठरवायचा, मग त्या विभागातच राहून पुढचा आकडा, मग त्याच्या पुढचा. एकदा पायरी उतरलात की मागे वळायचं नाही.

तालुक्याच्या गावातलं एक काल्पनिक दुकान घ्या. मूल्यवर्धनातला वाटा असा: पिठाची गिरणी ४० टक्के, धान्य-कडधान्य-मसाले २५, खत-बियाणे २०, तयार कपडे १५. सर्वांत मोठी गिरणी, म्हणजे दुकान उत्पादनात टाकावं असं वाटेल. पण पहिल्या पायरीवर विभागांची तुलना होते. उत्पादन ४०, व्यापार २५ अधिक २० अधिक १५, म्हणजे ६०. व्यापार जिंकला, गिरणी बाद. हे ६० अख्खे किरकोळीचे, म्हणून पुढची पायरीही सोपी: ४७.

पुढे प्रश्न येतो, हे सबकुछ दुकान की ठरावीक मालाचं? युरोपच्या २००८ च्या नियमावलीत याचे आकडे स्पष्ट दिले आहेत. एकाच वर्गातल्या, म्हणजे एकाच चार आकडी कोडातल्या मालाचा वाटा निम्मा किंवा त्याहून जास्त असेल, तर दुकान त्या मालाचं. कुणाचाच निम्मा नसेल, तर किमान ५ टक्के वाटा असलेले वर्ग मोजायचे: चारपर्यंत असतील तर ठरावीक मालाचं, पाच किंवा अधिक असतील तर सबकुछ. सबकुछ दुकानात खाद्यपदार्थ, पेयं, तंबाखू मिळून किमान ३५ टक्के असतील तर ते ४७११ मध्ये, नाहीतर ४७१९ मध्ये. आपल्या दुकानात वर्ग तीनच आणि ६० पैकी निम्मा कुणाचाच नाही, म्हणून ठरावीक मालाचं. आता गटांची, म्हणजे तीन आकडी कोडांची तुलना. धान्य ४७२ मध्ये एकटं, २५. खत-बियाणे आणि कपडे दोन्ही ४७७ मध्ये, मिळून ३५. धान्यही बाद. शेवटी ४७७ च्या आत खत-बियाणे २०, कपडे १५. निकाल: ४७७३, खत-बियाण्याचं दुकान. पहिला आणि दुसरा दोघे घरी, तिसरा निवडून आला. बहुमताची जुळवाजुळव पाहिलेल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही.

असं का करायचं? कारण आकडेवारी वापरणारे बहुतेक जण वरच्या पायऱ्याच वाचतात. 'देशात व्यापारातून किती उत्पन्न' याचं उत्तर बरोबर यायचं तर ज्याचं बहुतांश काम व्यापार आहे ते दुकान व्यापारातच मोजलं गेलं पाहिजे. खालच्या पायरीवरची चूक त्यामानाने स्वस्त. आणि एका हंगामात कपडे जास्त खपले म्हणून कोड बदलत नाहीत. युरोपात दुय्यम धंदा सलग दोन वर्षं पुढे राहिला, तरच दुकान हलतं.

किरकोळ व्यापारातल्या थेट परकीय गुंतवणुकीच्या धोरणात मात्र दुकान एकाच ब्रँडचा माल विकतं की अनेक ब्रँडचा, यावर रेघ ओढली जाते. ती राजकीय सोय आहे, वर्गीकरणशास्त्राशी तिचा संबंध नाही.

खुद्द शास्त्रातली एक रेघ मात्र आता पुसली जाते आहे. 'दुकानातली विक्री' आणि 'दुकानाविना विक्री' हा भेद अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या सामाईक यादीने २०२२ मध्ये सोडला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पाचव्या आवृत्तीतही तो गेला. २००८ च्या यादीप्रमाणे फक्त इंटरनेटवरून साड्या विकणारा ४७९१ मध्ये, पुस्तकं विकणाऱ्याच्या शेजारी. नव्या पद्धतीत तो कापडवाल्यांत जातो, मग त्याला दुकान असो वा नसो. स्वतःचा माल न ठेवता फक्त विक्रेता आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून देणाऱ्यांना वेगळा गट मिळाला आहे. यादी बदलते त्या वर्षी सांख्यिकी खात्यांना तोच व्यापार जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कोडांनी मोजून ठेवावा लागतो. नाहीतर कापडाची विक्री एका वर्षात उसळलेली दिसेल, आणि प्रत्यक्षात एक मीटरही जास्त खपलेलं नसेल.