‘अब्यूझ’ आणि ‘मिसयूझ’: एका गैरवापराची दोन क्रियापदं

‘गैरवापर करणे’ यासाठी इंग्रजीत दोन क्रियापदं सर्रास दिसतात, ‘मिसयूझ’ आणि ‘अब्यूझ’. शब्दकोशात दोन्हींपुढे बहुधा एकच मराठी अर्थ असतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

‘अब्यूझ’चं मूळ लॅटिनमधल्या ‘अबूती’ या क्रियापदात आहे. ‘ऊती’ म्हणजे वापरणे, ‘अब’ हा ‘दूर’ या अर्थाचा उपसर्ग. वापरून संपवणे हा त्याचा जुना अर्थ. वाटेल तसं वापरणे ही छटा त्याच्याच पोटातली. इ.स.पू. 63 मध्ये रोमन वक्ता सिसेरोने सत्तेविरुद्ध कट रचणाऱ्या कॅटिलिनाविरुद्ध केलेल्या भाषणाचं पहिलंच वाक्य या क्रियापदावर उभं आहे. मराठीत ते असं होईल: ‘कॅटिलिना, आमच्या सहनशीलतेचा आणखी किती अंत पाहणार आहेस?’ ‘अंत पाहणे’मध्ये संपवणंही आलं आणि गैरफायदा घेणंही. ‘दुरुपयोग’ लिहिलं तर यातलं अर्धं हातचं जातं.

फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना शब्दाला ‘फसवणे’ हाही अर्थ चिकटला होता. शेक्सपियरच्या नाटकात हॅम्लेटला शंका येते की वडिलांचं भूत म्हणजे सैतान असेल आणि तो आपल्याला ‘अब्यूझ’ करत असेल, म्हणजे चकवत असेल. तो अर्थ आता वापरातून गेला. त्याची खूण ‘डिसअब्यूझ’मध्ये उरली आहे. हा शब्द गैरवापर थांबवण्याचा नाही, गैरसमज दूर करण्याचा आहे.

शिवीगाळ हा अर्थही जुनाच. माणसाचा छळ, विशेषतः शारीरिक किंवा लैंगिक, हा अर्थ मात्र विसाव्या शतकात ठळक झाला. 1962 मध्ये अमेरिकेत सी. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर गाजलेला वैद्यकीय लेख लिहिला, तेव्हा शीर्षकात ‘बॅटर्ड’ हा शब्द होता. पुढे ‘चाइल्ड अब्यूस’ रूढ झाला. म्हणूनच ‘ही अब्यूझ्ड मी’ हे वाक्य जपून लिहावं. आपल्याला म्हणायचं असतं ‘त्याने मला शिव्या दिल्या’. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचक त्यातून अत्याचाराची तक्रार वाचू शकतो. शिव्याच असतील तर ‘स्वोअर ॲट मी’ लिहावं किंवा आधी ‘व्हर्बली’ जोडावं.

‘मिसयूझ’ त्यामानाने साधा. त्याचं कर्म बहुतेक वेळा वस्तू, पैसा, शब्द किंवा अधिकार असतं, आणि त्यात अजाणतेपणाही चालतो. स्क्रू फिरवायचा पेचकस पटाशीसारखा ठोकला तर तो ‘मिसयूझ’. ‘अब्यूझ’ म्हटलं की हेतू किंवा बेदरकारपणा सूचित होतो. पैसे स्वतःच्या खिशात घातले असतील तर दोन्ही शब्द मवाळ पडतात. तिथे ‘मिसॲप्रोप्रिएट’, आपला ‘अपहार’.

स्पेलिंगमध्ये ‘मिस’चा एस एकच. ‘मिसस्पेल’मध्ये दोन दिसतात, कारण दुसरा ‘स्पेल’चा स्वतःचा. उच्चारातही एक मेख आहे: क्रियापदाच्या शेवटी ‘झरा’तला ‘झ’, नामाच्या शेवटी ‘स’. स्पेलिंग तेच राहतं.

व्यसनांच्या संदर्भात ‘अब्यूस’ आता मागे पडतो आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ‘सब्स्टन्स अब्यूस’ हे वेगळं निदान काढून ‘सब्स्टन्स यूस डिसऑर्डर’ आणलं. दोष चिकटवणारा उपसर्ग गळाला आणि नुसता ‘यूस’ उरला.