‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ : एका वाक्याची पार्श्वभूमी

जुलै २०२२ मध्ये लंडनच्या एका संशोधक गटाने सेरोटोनिन (चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन) आणि नैराश्य यांच्या नात्यावरच्या अनेक वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला सातत्याने टिकणारा पुरावा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. बातमी हातोहात फिरत गेली आणि ‘म्हणजे गोळ्या खोट्याच’ इथवर पोचली. त्या आढाव्यात नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण येतो की नाही हे तपासलेलंच नव्हतं. दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले, आणि हे मिसळणं आजचं नाही. त्यासाठी सत्तर वर्षं मागे जावं लागतं, तेही आपल्याच मातीतल्या एका मुळीपर्यंत.

सर्पगंधा आपल्याकडे उन्मादावर आणि निद्रानाशावर पूर्वापार दिली जात होती. १९३१ मध्ये कोलकात्यातल्या दोघा जाणकारांनी तिचा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होणारा उपयोग लिहून ठेवला. बाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या एका औषध कंपनीने मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं आणि दोनच वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयांत ते वापरात आलं. मेंदूच्या रसायनशास्त्राच्या इतिहासातलं हे मुंबईचं पान आपल्याकडे फार कमी वाचलं जातं, याची मला खंत वाटते.

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसरपिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. त्याच सुमारास रक्तदाबासाठी हे औषध घेणारे काही रुग्ण खचून जातात, अशा नोंदी येऊ लागल्या. दुसरीकडे क्षयरोगावरचं इप्रोनियाझिड. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या क्षयरुग्णालयात १९५२ मध्ये ते दिल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांना उभारी आली, भूक लागली. हे औषध सेरोटोनिन आणि त्याच्या जातीच्या इतर रसायनांना मोडू देत नाही. एका औषधाने साठा घटला आणि माणूस खचला, दुसऱ्याने वाढला आणि माणूस उठून बसला. दोन्ही बाजू अशा चपखल जुळल्या की पुढच्या पिढीने त्यांवर ‘रसायन कमी झालं की नैराश्य येतं’ या सिद्धांताची अख्खी इमारत उभी केली.

पाया मात्र तेव्हाच डळमळीत होता. १९५५ मध्येच लंडनमध्ये चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रेसरपिन देऊन एक नियंत्रित चाचणी झाली होती, आणि त्यात त्यांना बरं वाटलं होतं! सिद्धांताच्या नेमका उलटा निकाल. पुढे १९७१ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या गेल्या तेव्हा रेसरपिनने खरं नैराश्य आलेले रुग्ण मानलं जात होतं त्याहून बरेच कमी निघाले, आणि त्यांतल्या अनेकांना आधीही तो त्रास होऊन गेला होता. तरी पाठ्यपुस्तकांत राहिली ती पहिलीच गोष्ट. लंडनची चाचणी बाजूला ठेवण्याचा निर्णय कुणी एका बैठकीत घेतला नाही. तिचा उल्लेख होईनासा झाला, इतकंच. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खटकणारी जागा हीच आहे.

तर्कातही खोट होती. आल्याच्या काढ्याने खोकला थांबला म्हणून अंगात आलं कमी पडलं होतं, असं आपल्या घरातली आजी म्हणणार नाही. पण औषध काय करतं यावरून आजार काय आहे हे ठरवलं गेलं. खुद्द ज्या अमेरिकी संशोधकाने १९६५ मध्ये या मांडणीला ठाम रूप दिलं, त्यानेच लिहून ठेवलं होतं की हे फार गुंतागुंतीच्या अवस्थेचं अतिसुलभीकरण आहे. त्याचा भर सेरोटोनिनवर नव्हताही, त्याच जातीच्या दुसऱ्या रसायनावर म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिनवर होता. सेरोटोनिन पुढे आणलं ते दोन वर्षांनी ब्रिटनमधून आलेल्या लेखाने.

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिन या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नैराश्याच्या गोळीला मंजुरी मिळाली आणि सावध गृहीतक जाहिरातीचं वाक्य बनलं. १९९७ नंतर तिथे टीव्हीवरून थेट रुग्णांसाठी औषधांच्या जाहिराती करणं सोपं झालं, तेव्हा ‘केमिकल इम्बॅलन्स’ घराघरात गेलं.

मराठीत आल्यावर या शब्दाचं आणखी काही झालं. वात-पित्त-कफाचा तोल बिघडणं आपल्या कानांना ओळखीचं असल्यामुळे ‘रासायनिक असंतुलन’ सहज पचलं. बोलण्यात मात्र ते ‘केमिकल कमी झालंय’ असं झालं. असंतुलनाची कमतरता झाली, आणि कमतरता म्हटली की लोह, बी-१२, साखर आठवते. ती रक्त तपासून कळते, भरून काढता येते. जिवंत माणसाच्या मेंदूतलं सेरोटोनिन साध्या रक्ततपासणीत मोजता येत नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यात असतं.

तरीही हे वाक्य वापरणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. ओपीडीत दहा मिनिटं हातात, सुनेसोबत आलेल्या सासूबाई म्हणताहेत, ‘काही नाही हो, मनाचे खेळ.’ अशा वेळी ‘हा मेंदूचा आजार आहे, मधुमेहासारखा’ हे शब्द त्या मुलीच्या खांद्यावरचं ओझं उतरवतात. पण असं जैविक कारण सांगण्याचा काय परिणाम होतो यावरच्या अभ्यासांचा २०१३ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा दुसरी बाजूही दिसली. जैविक कारण सांगितल्यावर रुग्णाला दोष देणं कमी होतं, पण हा माणूस बरा होईल यावरचा विश्वासही कमी होतो.

गोळ्यांचा प्रश्न यापासून वेगळा ठेवायला हवा. २०१८ मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, म्हणजे १,१६,४७७ रुग्णांची माहिती, एकत्र तपासली गेली. प्रत्येक औषध पोकळ गोळीपेक्षा (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीपेक्षा) सरस ठरलं, फरक मात्र माफक होता. सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो आणि आराम पडायला आठवडे लागतात, त्यामुळे मधल्या काळात चेतापेशींच्या जोडण्यांमध्ये सावकाश बदल होत असावेत, यावर आता संशोधकांचा भर आहे. चालू गोळी एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला एस्केटामिन या नैराश्यावरच्या औषधाचा नाकावाटे घ्यायचा फवारा मुख्यतः सेरोटोनिनवर नाही, ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या वाटेने काम करतो, आणि काही रुग्णांना त्याने तासांत किंवा दिवसाभरात फरक जाणवतो.