मोटारगाडीचे मागील ब्रेक

मोटारगाडीच्या मागील चाकांचा वेग घर्षणाने कमी करणारी आणि उभी गाडी जागच्या जागी धरून ठेवणारी यंत्रणा. भारतातील बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम ब्रेकला आजचे स्वरूप १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनो यांनी दिले.

ओतीव लोखंडाचा ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत, न फिरणाऱ्या तबकडीवर, बाहेरून लायनर म्हणजे घर्षणाचे अस्तर चिकटवलेले दोन अर्धगोल शू असतात. पॅडल दाबताच त्याला जोडलेल्या मास्टर सिलेंडरमधील ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांतून चाकाजवळच्या व्हील सिलेंडरमध्ये पोहोचतो, तेथील दोन दट्टे शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमच्या आतील भिंतीवर घासून गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते. पॅडल सोडले की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात. या रचनेतील खरी कल्पकता पुढच्या शूमध्ये आहे: फिरणारा ड्रम घर्षणाने त्याला आपल्याबरोबर खेचतो, त्यामुळे तो आपोआप अधिक घट्ट दाबला जातो आणि पायाने लावलेल्या जोरापेक्षा अधिक काम करतो. मागच्या शूला ड्रम उलट दूर सारतो. गाडी मागे घेताना दोघांच्या भूमिका बदलतात.

मागील ब्रेक मुद्दामच पुढच्यापेक्षा सौम्य ठेवलेले असतात. वेग कमी होताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. तीच आधी जाम झाली तर त्यांची आडवी पकड सुटून गाडीची मागची बाजू फिरते. हे टाळण्यासाठी मागील दाब मर्यादित करणारी झडप किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वापरतात. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारगाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. इंदूरजवळ पीथमपूर येथील नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात ब्रेकच्या चाचणीसाठी स्वतंत्र मार्ग आहे.

ड्रमचा मोठा दोष उष्णतेचा. सर्व भाग बंदिस्त असल्याने ती लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूंपासून दूर सरतो, लायनरचे घर्षण घटते आणि पॅडल खोल जाऊ लागते. इंदूरची मराठी कुटुंबे महेश्वरला जाताना माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरतात, त्या वाटेवरील गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या, विशेषतः अवजड वाहनांच्या, अपघातांमुळे कुप्रसिद्ध आहे. अशा उतारावर खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनालाच गाडी धरू देणे आणि पॅडल सतत दाबून न ठेवणे अत्यावश्यक आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, हेही येथे महत्त्वाचे ठरते: मानकानुसार डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा मात्र किमान १४० अंश. ऑइल उकळून वाफ झाली की ती दाबली जाते, दाब चाकापर्यंत पोहोचत नाही आणि पॅडल पोकळ लागते. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ऑइल बदलणे टाळू नये.

हँडब्रेकही बहुधा याच शूंवर चालतो, पण ऑइलऐवजी तारेने. त्यामुळे ऑइलची गळती झाली तरी तो उपयोगी पडतो. पावसाळ्यात गाडी अनेक दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिल्यास ड्रमवर गंज चढून लायनर त्याला चिकटते. त्याऐवजी सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना अटकाव लावणे अधिक योग्य.