राजकन्या शाळेत जात नाहीत?

‘युरोपातल्या राजकन्या शाळेत जात नाहीत, राजवाड्यातच शिकतात,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. समज निराधार नाही; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश राजकन्या खरोखरच घरी शिकल्या. पण तो काळ मागे पडला.

नेदरलँड्सची वारस राजकन्या २०१५मध्ये हेगमधल्या माध्यमिक शाळेत पहिल्याच दिवशी सायकलवरून गेली. बेल्जियमची वारस राजकन्या आधी वेल्समधल्या निवासी शाळेत शिकली. मग २०२०मध्ये ती ब्रुसेल्सच्या लष्करी अकादमीत दाखल झाली. चेहऱ्याला रंग फासून, हातात रायफल घेऊन सराव करतानाचे तिचे फोटो आहेत. मला तर हे परीकथेपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

पडताळायचं असेल, तर आधी मेसेज नेमक्या कोणत्या काळाबद्दल आहे ते पाहा. मग त्या राजघराण्याचं अधिकृत संकेतस्थळ उघडा. राजकन्येच्या परिचयात तिच्या शिक्षणाची माहिती मिळते.