तेहेतीस पानी पत्र आणि डॉन टिलमन

मंगळवारी लॉबस्टर म्हणजे लॉबस्टर. मेलबर्नमधला जनुकशास्त्राचा प्राध्यापक डॉन टिलमन आठवड्याचा स्वयंपाक वेळापत्रकाबरहुकूम करतो आणि बायको शोधायची ठरवतो तेव्हा सोळा पानी प्रश्नावली तयार करतो. ग्रॅम सिम्शन यांनी हा माणूस आधी पटकथेत घडवला, मग कादंबरीत आणला. २०१२मध्ये हस्तलिखितालाच व्हिक्टोरिया राज्याचा पुरस्कार मिळाला आणि २०१३च्या जानेवारीत ‘द रोझी प्रोजेक्ट’ प्रसिद्ध झाली. ‘द रोझी इफेक्ट’मध्ये (२०१४) रोझीला दिवस जातात आणि डॉन बाप होण्याची तयारी करू लागतो. ‘द रोझी रिझल्ट’मध्ये (२०१९) त्यांचा मुलगा हडसन अकरा वर्षांचा आहे आणि शाळा सुचवते की याची ऑटिझमसाठी (स्वमग्नतेसाठी) तपासणी करून घ्या.

असा बाप विनोदी कादंबरीचा नायक होतो, वाचक त्याच्यावर हसतात आणि जीवही लावतात, हे अलीकडचं. वैद्यकाच्या कागदपत्रांत मात्र तो पहिल्या दिवसापासून हजर आहे. फक्त तिथे त्याला बरीच वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावातून बीमन ट्रिपलेट या वकिलाने बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना आपल्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल तेहेतीस पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं. हा मुलगा, डोनाल्ड, पुढे ऑटिझमच्या इतिहासातला ‘पहिला रुग्ण’ ठरला. कॅनर यांचा अकरा मुलांवरचा गाजलेला लेख १९४३चा. त्यात ते या पत्राची स्तुती करतात, पण तपशिलांचा सोस फार, हा शेराही मारतात. पुढे ते बापाचंच वर्णन करतात: यशस्वी, काटेकोर, कष्टाळू वकील, साधी सर्दी झाली तरी अंथरूण धरणार आणि डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळणार, रस्त्याने चालताना विचारांत इतका गढलेला की समोरचं काही दिसत नाही, आणि घरी आल्यावर चालणं कसं झालं तेही आठवत नाही. कॅनर यांना हसवायचं नव्हतं. तरी हा परिच्छेद आज वाचला की एखाद्या कादंबरीतल्या पात्राची ओळख वाचतोय असं वाटतं. आपल्याकडेही विसरभोळा प्रोफेसर हा विनोदाचा हुकमी एक्का आहेच.

पण त्याच लेखाच्या शेवटी कॅनर लिहून गेले की या मुलांच्या आईबापांत खरोखर मायाळू माणसं फार थोडी. १९४९मध्ये त्यांनी आणखी एक लेख लिहिला आणि त्यात फ्रिजची उपमा आली. आईबाप थंड म्हणून मूल मिटून जातं, हे मत वीसेक वर्षं जोरात चाललं. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी ते पुस्तकातून घरोघर पोचवलं. मार बसला तो मुख्यतः आयांना. बाप ‘कामात बुडालेला’ म्हणून कडेला उभा राहिला. हा सगळा काळ चीड आणणारा आहे. बीमनसारखे बाप मुलाचं तेहेतीस पानं टिपण करतात, आणि त्यातून निष्कर्ष काय निघतो, तर माया नाही!

ही समजूत उखडायला सुरुवात केली तीही एका बापानेच. बर्नार्ड रिमलँड अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९६४च्या पुस्तकात त्यांनी कारण जीवशास्त्रात शोधायला हवं, असं पुराव्यानिशी मांडलं. १९७७मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरांपैकी चार जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक निघाले, वेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकाही ठिकाणी नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, म्हणून अनुवंशाचं पारडं जड झालं आणि बापाकडे पाहायची नजर बदलली. आता तो दोषी नव्हता, पण वारसा त्याच्याकडून आला असू शकत होता.

हे व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४मध्येच लिहून ठेवलं होतं. जवळून पाहता आलेल्या प्रत्येक घरात मुलाचे काही गुण आधीच्या पिढीत सापडतात, अनेक घराणी बुद्धिजीवी आहेत, आणि एखादा बाप कारागीर असलाच तर त्याची वाट चुकली असावी, असं त्यांचं निरीक्षण. (नाझी राजवटीत मुलांना मृत्यूच्या दारात पाठवण्यात त्यांचा सहभाग होता, हे २०१८मध्ये कागदपत्रांसह पुढे आलं.) जर्मनमधलं हे लेखन इंग्रजी जगात पोचलं ते १९८१मध्ये, लोर्ना विंग यांच्यामुळे. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि ऑटिस्टिक मुलीच्या आईही. १९९४मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने अ‍ॅस्पर्गर हे नाव ऑटिझमशी नातं असलेलं वेगळं निदान म्हणून स्वीकारलं. १९९७मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांनी दाखवलं की ऑटिस्टिक मुलांच्या वडील-आजोबांत इंजिनीअर जास्त आढळतात. त्यावर वाद झाले, पण संगणकवाल्या बापाची प्रतिमा रुजली. सिम्शन स्वतः आयटीतले. डॉनसारखी माणसं त्यांनी कामाच्या जागी पाहिली होती.

मात्र हसणं निर्विष होण्यासाठी आणखी एक गोष्ट घडावी लागली: ऑटिस्टिक माणसं स्वतः बोलू लागली. १९९३मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना सुनावलं, आमच्यासाठी शोक करू नका. १९९८मध्ये सिडनीच्या ज्युडी सिंगर यांनी प्रबंधात ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ची, म्हणजे माणसांचे मेंदू वेगवेगळ्या घडणीचे असतात या विचाराची, मांडणी केली, ती आपली आई, आपण आणि आपली मुलगी अशा तीन पिढ्यांकडे पाहत.

रोझी मालिकेत हे सगळं उतरलेलं दिसतं, पण एकदम नाही. पहिल्या पुस्तकात डॉन मित्राच्या बदली अ‍ॅस्पर्गरवर व्याख्यान देतो आणि हे वर्णन आपलंच आहे हे त्याच्या गावीही नसतं. विनोद त्याच्या अज्ञानावर उभा आहे. दुसऱ्यात बापपणाचा अभ्यास म्हणून तो खेळाच्या मैदानावर मुलांचं निरीक्षण करतो आणि पोलिसांच्या तावडीत सापडतो. इथे हसू जगाच्या संशयावरही येतं. (सिम्शन यांच्या पत्नी अ‍ॅन ब्युइस्ट गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांच्या मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञ. मसाला घरातच होता म्हणायचा.) माझ्या मते तिसरं पुस्तक विनोदात थोडं उणं, पण सगळ्यात धीट आहे. मुलाला शाळेत निभावून नेता यावं म्हणून डॉन प्रकल्प आखतो आणि आपल्याला जे सोसावं लागलं तेच आपण याला शिकवतोय का, या पेचात अडकतो. निदान हवं की नको, यावर पुस्तकातली ऑटिस्टिक मोठी माणसंही भांडतात.

ऑटिस्टिक वाचकांपैकी काहींचा आक्षेप आहे की नायक पुन्हा हुशार पुरुष प्राध्यापकच. तो रास्त आहे. निदानाचं जगही पुस्तकांच्या मधल्या काळात हललं. पहिली कादंबरी आल्यावर चारच महिन्यांनी, मे २०१३मध्ये, नव्या निदानपुस्तिकेने अ‍ॅस्पर्गर हे वेगळं निदान काढून टाकलं. डॉन ज्या नावावर व्याख्यान देतो, ते हडसनच्या तपासणीच्या वेळेपर्यंत पुस्तिकेत उरलेलंच नव्हतं.